परागकण, दूध आणि मेण: आधी निगा ठरवा, मग आकार

कलाशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. जर्मन कलाकार वुल्फगांग लाइब यांची कामं बघून तिला परागकण, दूध, मेण अशा नैसर्गिक साहित्यातून 'आध्यात्मिक ऊर्जा' या विषयावर मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) करायचं आहे. साहित्य कोणतं घ्यावं, ती ऊर्जा बघणाऱ्यापर्यंत कशी पोचवावी, आणि 'हे तर आपल्याकडे देवळात रोजच होतं' असं कोणी म्हणालं तर काय सांगावं, असं तिने विचारलंय.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचा उलगडा झाला की आधीचे दोन बरेच सोपे होतात.

लाइब यांचा 'मिल्कस्टोन' घ्या. १९७५ पासून ते हे काम करत आलेत. पांढऱ्या संगमरवराची जाड लादी, जमिनीवर ठेवलेली. वरची बाजू घासून घासून अगदी किंचित खोलगट केलेली. खोली काही मिलिमीटरच, हात फिरवल्याशिवाय कळायची नाही. त्यात दूध ओतायचं आणि बोटाने हळूहळू कडेपर्यंत न्यायचं. कडेला आलं की पृष्ठताणामुळे दूध तिथेच थबकतं, सांडत नाही. मग दगड कुठे संपला आणि दूध कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. लांबून नुसती पांढरी लादी दिसते. जवळ जाऊन वाकलं की वरचा पांढरा ओला आहे हे लक्षात येतं, आणि कोणी शेजारून चालत गेलं तर तो अंगभर थरथरतो. दिवस संपला की दूध काढायचं, दगड धुवायचा, दुसऱ्या दिवशी ताजं दूध भरायचं. पहिल्यांदा लाइब स्वतः भरतात, पुढे रोजचं काम संग्रहालयातली माणसं करतात.

आता अभिषेक आठवा. दूध पिंडीवरून शाळुंकेवर, तिथून गोमुखातून बाहेर जातं. तिथे वाहण्याला अर्थ आहे. वाहिलेलं पुढे जातं, त्याचं तीर्थ होतं, आणि ते स्वीकारणारा देव समोर आहे. मिल्कस्टोनला गोमुख नाही. मंत्र नाही, घंटा नाही, स्वीकारणारं कोणी नाही. दूध तिथेच स्थिर राहतं आणि संध्याकाळपर्यंत नासण्याकडे जातं. आपण येतो तेव्हा भरण्याची कृती होऊन गेलेली असते, फक्त तिचा परिणाम समोर असतो. देवळात आपली नजर दुधावरून देवाकडे जाते. इथे नजरेला दुसरीकडे जायला जागाच नाही, ती दुधावरच राहते. मला विचाराल तर या कामाचं सगळं बळ या एवढ्याशा फरकात आहे.

म्हणून कोणी 'हे आपल्याकडे रोज होतं' म्हणालं तर हो म्हणा आणि साम्य लपवू नका. लाइब यांनीही ते लपवलेलं नाही. ते १९५० साली दक्षिण जर्मनीतल्या मेट्झिंगनला जन्मले, ट्यूबिंगन विद्यापीठात डॉक्टरकी शिकले. त्यांच्या घरच्यांचे दक्षिण भारताशी जुने संबंध होते आणि त्यांचा प्रबंधही तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या स्वच्छतेवर होता. १९७४ ला पदवी घेऊन त्यांनी वैद्यकी सोडली. त्याआधीच, १९७२ मध्ये, त्यांनी एक मोठा दगड घासून अंड्याच्या आकाराचा केला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'ब्रह्मांड'. पुढे मदुराईजवळ त्यांनी कामाची जागाही केली. आपल्याकडचं काहीतरी वरवर उचलून नेल्यासारखं हे काम वाटत नाही, कारण त्यामागे वर्षानुवर्षांचा नेम आहे. तुमच्या कामाकडेही लोक हेच शोधत येतील: यामागे नेम आहे का, की फक्त वस्तू आणून ठेवल्यात?

माझं म्हणणं एवढंच आहे. हळदीत, दुधात किंवा मेणात ऊर्जा भरलेली असते आणि आपण ती गॅलरीत उघडी करून ठेवतो, असं होत नाही. साहित्य नाजूक असतं, त्याची कोणीतरी रोज निगा राखतं, आणि त्या निगेच्या खुणा कामात दिसतात. बघणारा माणूस त्या खुणांमुळे आपोआप सावकाश होतो. तुम्ही ज्याला ऊर्जा म्हणताय ती मला तरी तिथेच जाणवली आहे. म्हणून कामाचा आराखडा काढताना आकार नंतर ठरवा. आधी हे लिहून काढा: याला रोज काय लागेल, कोण करेल, किती वाजता करेल.

आता साहित्य. परागकणांवर जरा जास्त बोलतो, कारण त्यांच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

लाइब १९७७ पासून परागकण गोळा करतात. फेब्रुवारीच्या सुमाराला हेझेलच्या झुडपांपासून सुरुवात होते, मग डँडेलियन, बटरकप, पाइन, असा मोसम पुढे सरकतो. हाताने, फुलोरा हलवून, बरणीत. एका मोसमाची कमाई म्हणजे काचेच्या थोड्या बरण्या. २०१३ साली न्यूयॉर्कच्या 'म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट'मध्ये त्यांनी हेझेलच्या परागाचं सुमारे १८ बाय २१ फुटांचं पिवळं क्षेत्र अंथरलं होतं. त्यासाठीचा पराग त्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून साठवलेला होता. चाळणीला पातळ कापड लावून, तिला हलक्या टिचक्या मारत तो जमिनीवर पाडायचा. कडा रेघ मारल्यासारखी येत नाही, धुक्यासारखी विरत जाते. प्रदर्शन संपलं की पराग गोळा करून, कचरा काढून, पुन्हा बरणीत जातो.

तो इतकी वर्षं टिकतो कसा? परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि निसर्गातल्या सगळ्यात चिवट पदार्थांत त्याची गणना होते. दलदलीच्या थरांत हजारो वर्षांपूर्वीचे परागकण ओळखता येतील अशा स्थितीत सापडतात. पीठ ठेवलं तर किडे होतात, पराग कोरडा ठेवला तर बरीच वर्षं राहतो. मात्र सगळे पराग सारखे वागत नाहीत. हेझेल आणि पाइनचा पराग वाऱ्यावर जाणारा, म्हणून कोरडा आणि सुटा. पाइनच्या कणाला तर हवेच्या दोन पिशव्या असतात, टिचकी मारली की तो खाली बसायच्या ऐवजी तरंगतच राहतो. डँडेलियनचा पराग किड्यांच्या अंगाला चिकटून जाणारा, त्यामुळे तेलकट. त्याच्या गुठळ्या होतात आणि रंग नारिंगीकडे झुकतो. चाळताना हा फरक हाताला लगेच कळतो.

आपल्याकडे करायचं असेल तर मक्याचे तुरे आहेत. पराग भरपूर मिळतो आणि कण मोठा असतो, हेझेलच्या तीन-चार पट. पाणथळ जागेतलं पाणकणीसही भरपूर पराग देतं. गाजरगवताच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नका. त्याने त्वचेचे आणि श्वासाचे त्रास होतात, बंद हॉलमध्ये तर नकोच. कोणताही पराग वापरलात तरी दाराशी स्पष्ट सूचना हवी आणि पंखे बंद हवेत. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उघडा ठेवलात तर ओल धरून बुरशी येते, त्यामुळे बरणीत सिलिका जेलची पुडी टाका आणि प्रदर्शन हिवाळ्यात घ्या.

बरेच विद्यार्थी परागाऐवजी हळद घेतात. ते मला चुकीचं वाटत नाही, उलट जेजुरीच्या पायऱ्यांवर सोमवतीचा भंडारा बघितलेल्या माणसाला सुक्या पिवळ्या भुकटीची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. चिकटवणारं काही न घालता नुसती भुकटी पसरली की रंग किती गडद होतो हे तिथे दिसतं. पण हळदीचे दोन गुण माहीत असायला हवेत. एक, ती उजेडाने फिकी पडते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर त्या बाजूची हळद काही दिवसांतच पांढुरकी दिसायला लागते. दुसरा जास्त महत्त्वाचा: क्षार लागला की हळद लाल होते. कुंकू याच गुणावर बनतं. गॅलरीची जमीन नव्या सिमेंटची असेल, तिला ओल असेल, किंवा भिंतीला ताजा चुना मारला असेल, तर खालून लालसर डाग वर येतात. हा गुण तुम्ही मुद्दाम वापरू शकता. अर्धी जमीन चुन्याने सारवून त्यावर हळद पसरली आणि रोज थोडं पाणी शिंपडलं, तर आठवडाभरात कुंकवाची सीमा कशी सरकते ते लोकांना बघता येईल. पण ते ठरवून करा, नाहीतर अपघात म्हणून होईल. आणि 'भंडारा' म्हणून बाजारात मिळणाऱ्या पुडीत स्टार्च आणि खाण्यायोग्य नसलेला पिवळा रंग असू शकतो. हळकुंडं आणून गिरणीतून दळून घ्या.

दुधाकडे वळतो. तीन फूट बाय तीन फूट लादी आणि तीन मिलिमीटर खोली धरली तर दिवसाला अडीच लिटरच्या आसपास दूध लागतं. आपल्या उन्हाळ्यात, वातानुकूलन नसेल तर, ते दुपारपर्यंत फाटू लागतं. दूध आंबलं की त्यातलं लॅक्टिक ॲसिड संगमरवर खातं. पॉलिश जाऊन पृष्ठभाग खरखरीत होतो आणि मग दूध कडेपर्यंत सारखं पसरत नाही. म्हणून दोनदा बदलायची तयारी ठेवा. म्हशीचं दूध घ्या. त्यात कॅरोटीन नसल्याने ते गाईच्या दुधापेक्षा पांढरं दिसतं, आणि मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराशी गाईच्या दुधाचा पिवळसरपणा लगेच उघडा पडतो. होमोजिनाइज केलेलं असेल तर वर सायीचा तवंग धरत नाही.

'दूध वाया घालवता' हा आक्षेप येणारच, आणि तो योग्य आहे. कुपोषणाच्या बातम्या वाचणाऱ्या समाजात तुम्ही रोज पाच लिटर दूध ओतणार असाल तर त्याचं उत्तर तुमच्या मनात पक्कं असायला हवं. 'परदेशात करतात' हे उत्तर नव्हे. तुमच्या घरी दुभती जनावरं असतील, दुधाशी तुमचं नातं असेल, तर ते कामात येऊ द्या. नसेल तर दुसरं साहित्य शोधा. मी स्वतः माझ्या कामात दूध वापरत नाही, ते याच कारणाने.

मेणाबद्दल माझं मत उलट आहे: जमत असेल तर जरूर करा. २०१३ मध्येच वॉशिंग्टनच्या 'फिलिप्स कलेक्शन'मध्ये लाइब यांची मेणाची खोली कायमची बसवली गेली. एक-दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, भिंती आणि छताला सुमारे ४४० पौंड, म्हणजे २०० किलो मधमाश्यांचं मेण, आणि वरून लोंबणारा एक उघडा दिवा. त्याआधी २००० साली त्यांनी पिरेनीज पर्वतात खडकाच्या आत अशीच खोली केली होती. अशा खोलीत मधाचा, फुलांचा, थोडा धुराचा वास आधी येतो. मग लक्षात येतं की आवाज मऊ झालाय. हे सगळं वाचून समजत नाही, शरीर आत न्यावं लागतं.

मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या खूप आधी, पस्तीसच्या पुढे, मऊ व्हायला लागतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये मेणाची भिंत उभी राहणार नाही, थर खाली ओघळेल. डिसेंबर-जानेवारी ठरवा, किंवा जाड दगडी भिंतींची जुनी वास्तू शोधा. मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर कधीच नाही, भडका उडतो. आधी प्लायवुडच्या पट्ट्यांवर थर द्या, भिंतीला नंतर लावा. म्हणजे काम उतरवताना मेण खरवडून परत मिळतं. बाजारातल्या मेणात पॅराफिनची भेसळ सर्रास असते. तापवल्यावर मधाऐवजी रॉकेलसारखा वास आला तर परत करा. महाबळेश्वर भागातल्या मधपाळांकडून घेतलंत तर सातेरी या देशी मधमाशीचं मेण मिळू शकेल. मात्र तिची मोहोळं लहान, त्यामुळे मेण थोडं. आधीच्या वर्षी सांगून ठेवावं लागतं. ही वाट बघणंसुद्धा कामाचा भाग आहे असं मी धरतो.

तांदूळ घ्यायचा असेल तर थोडक्यात: सोंडे आणि पोरकिडे अटळ आहेत. मांडण्याआधी आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवलात तर अंडी मरतात. औषध मारू नका, मारलेला तांदूळ नंतर कोणाला देता येत नाही.

शेण आणि माती यांच्याबाबतीत तांत्रिक अडचण कमी आणि जबाबदारी जास्त. सारवण पातळ हवं, त्यात बारीक भुसा हवा. वातानुकूलित हॉलमध्ये जाड थर दोन दिवसांत तडकतो. सारवणारीच्या हाताच्या कमानी वाळल्यावर जमिनीवर तशाच राहतात, त्या पुसू नका. पण शेण म्हणजे पावित्र्य एवढाच अर्थ घेऊन थांबू नका. बेंगळुरूच्या कलाकार शीला गौडा यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शेण वापरलं, पुढे कुंकू लावलेल्या दोऱ्यांचं कामही केलं. त्यांच्या कामात ते देवघरातलं पवित्र द्रव्यही आहे, चुलीचं इंधनही आहे आणि बाईच्या रोजच्या श्रमाची खूणही आहे. हे तिन्ही अर्थ एकमेकांना घासत राहतात, म्हणून ते काम जिवंत वाटतं.

वारली लग्नचौकाबद्दल, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढतात त्या चौकाबद्दल, तर मी कडक आहे. तो चौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते तेव्हा लग्न लागतं. तांदळाच्या पिठाच्या त्या रेषांना बळ येतं ते गाण्यातून आणि त्या घरातून. तुम्ही फक्त रेषा गॅलरीत आणल्यात तर हातात नक्षी उरेल. वेगळी वाट कशी असते हे बघायचं तर २००३ चं उदाहरण आहे. नदीच्या चिखलाने भिंतीवर कामं करणारे इंग्लिश कलाकार रिचर्ड लाँग वारली मुलखात आले, चालले, तिथेच दगड-मातीतून कामं केली, आणि जर्मनीत ड्युसेलडॉर्फला त्यांचं आणि डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं एकत्र प्रदर्शन झालं. लाँग यांनी वारली चित्रं काढली नाहीत. त्यांनी स्वतःची चालण्याची रीत आणली आणि शेजारी बसले.

उरला दुसरा प्रश्न, बघणाऱ्यापर्यंत पोचवण्याचा. इथे बहुतेक नवी मंडळी भर घालत जातात: ओंकाराचा ध्वनी, धूप, भिंतीवर संस्कृत ओळ, कुठे लोलक, कुठे 'ऑरा' म्हणजे तेजोवलय दाखवणारा कॅमेरा. हे सगळं काढून टाका. ऊर्जा मोजून दाखवण्याचा दावा केलात की माणूस ती खरी की खोटी ते तपासायला लागतो आणि समोरचं बघणं सोडतो. शिवाय एका खोलीत एकच वास, एकच दिवा आणि एकच साहित्य पुरे असतं. डच कलाकार हर्मन डी व्रीस यांनी २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात १०८ पौंड गुलाबाच्या कळ्या जमिनीवर गोल अंथरल्या होत्या. १०८ चा अर्थ ज्याला माहीत त्याने जपमाळ आठवावी, ज्याला नाही त्याला गुलाबाचा वास होताच.

दाराचा विचार मात्र खूप करा. माणूस रस्त्यावरच्या वेगाने आत येतो. त्याचा वेग कमी होईल असा छोटा वळसा, थोडा अंधार किंवा चपला काढायची जागा ठेवा. जमिनीवरच्या कामाला वरून प्रखर स्पॉटलाइट मारू नका, बाजूचा मंद दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला. दोरी लावायचीच असेल तर घोट्याएवढी खाली लावा, म्हणजे माणसाला वाकावंसं वाटेल.

आणि निगा दिसू द्या. न्यूयॉर्कमध्ये वूस्टर स्ट्रीटवर अमेरिकन कलाकार वॉल्टर डी मारिया यांची 'अर्थ रूम' (मातीची खोली) आहे, १९७७ ची. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ३,६०० चौरस फूट जागेत २२ इंच जाडीची माती, वजन सुमारे २,८०,००० पौंड. त्या मातीला नियमित पाणी घालावं लागतं, दंताळं फिरवावं लागतं, उगवलेलं काढावं लागतं. सुरुवातीच्या काळात तिच्यात अळंब्याही यायच्या. इतकी वर्षं ते काम तसंच राहिलंय ते हे रोजचं राबणं चालू आहे म्हणून. तुमच्याकडे दूध बदलणं, हळद शिंपडणं, सारवण करणं हे गॅलरी बंद झाल्यावर उरकू नका. वेळ जाहीर करा, लोकांसमोर करा, पण त्याचा प्रयोग करू नका. साध्या कपड्यांत, न बोलता, जसं घरात करतो तसं.

खर्चाचं म्हणाल तर मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी हॉल आठवड्यासाठी मिळतो, आणि असं काम उभं राहायलाच त्यातला एक पूर्ण दिवस जातो. मला वाटतं तुम्ही गॅलरीपेक्षा एखादा वाडा, बंद पडलेली गिरणी किंवा शाळेची सुट्टीतली खोली महिनाभर मागावी. आपल्या भाषेच्या मुलखात डॉक्टरकी सोडून या वाटेला आलेले सुबोध केरकर गोव्यात आहेत. त्यांनी शिंपले, वाळू आणि समुद्रकिनारा हेच साहित्य आणि हीच गॅलरी मानून कितीतरी कामं केली, २०१५ मध्ये पिळर्णला 'म्यूझियम ऑफ गोवा' सुरू केलं. तिथे एकदा जाऊन या.

अनुदानासाठी अर्ज कराल तेव्हा खर्चाच्या तक्त्यात 'देखभाल' अशी वेगळी ओळ टाका आणि त्यात रोज येणाऱ्या माणसाचा मेहनताना लिहा. समिती ती ओळ कापायला बघेल. कापू देऊ नका, त्याऐवजी लादीचा आकार एक फुटाने कमी करा. प्रदर्शन उतरल्यावर पराग बरणीत, मेण परत कढईत, हळद आणि माती शेतात, तांदूळ खाण्यालायक असेल तर कोणाच्या तरी घरी, असं सगळं कुठे जाणार तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.